जहाज थांबतं तिथे दुकान: विल्यम ग्रेस या आयरिश माणसाची गोष्ट

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी.

मी मुंबई बंदरात शिप चँडलरच्या धंद्यात आहे, एकवीस वर्षं झाली. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाला लागेल ते नेऊन द्यायचं हे आमचं काम. तांदूळ, मैदा, अंडी, मटण, कोबी, दोरखंड, रंगाचे डबे, साबण, बॅटरीचे सेल. जहाजावरून यादी येते, आम्ही रात्रीत माल जमवतो आणि पहाटे लाँचमध्ये टाकून अँकरेजला नेतो. जहाजाची क्रेन जाळी खाली सोडते, लाँच हलत असताना पोती त्या जाळीत रचायची आणि वर बघत हात हलवायचा. घरी पाहुणे आले की विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

म्हणून याच धंद्यातून उभा राहिलेला आणि पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला विल्यम रसेल ग्रेस मला फार जवळचा वाटतो. त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

जन्म १० मे १८३२, आयर्लंड. घर बॅलीलिनन या गावाजवळ. त्या भागाला तेव्हा क्वीन्स काउंटी म्हणत, आता लीश म्हणतात. विल्यम तेरा वर्षांचा असताना, १८४५ मध्ये, आयर्लंडभर बटाट्यावर करपा पडला. आपल्याकडे बटाटा लावणाऱ्याला हा रोग वेगळा सांगायला नको: पानं काळी पडतात आणि दोन-चार दिवसांत शेत झोपतं. फरक एवढाच की तिथल्या गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भूक आणि साथींनी गेली आणि त्याहून जास्त माणसं देश सोडून गेली. पिकलेलं धान्य मात्र त्याच काळात बाहेर जात होतं.

१८४६ मध्ये हा पोरगा न्यूयॉर्कला पोचला. वय चौदा. छापखान्यात पोऱ्या म्हणून राबला, चांभाराच्या हाताखाली राहिला. दोन वर्षांनी परत आला. मग १८५१ मध्ये वडील जेम्स ग्रेस यांच्याबरोबर थेट पेरूला, कायाओ बंदरात. आयरिश माणसांना तिथे उसाच्या इस्टेटीवर नेऊन वसवायचं असा वडिलांचा बेत होता. तो फसला. वडील घरी परतले, पोरगा मागे राहिला आणि ब्राइस नावाच्या व्यापाऱ्यांकडे नोकरीला लागला. ते जहाजांना माल पुरवायचे. १८५४ मध्ये, बाविशीत, तो त्यांचा भागीदार झाला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो.

कायाओच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, पिस्कोसमोर, तीन छोटी उघडी बेटं आहेत. नाव चिंचा. झाड नाही, पाणी नाही, पाऊस जवळजवळ नाहीच. पण हजारो वर्षांच्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर तिथे साचलेले होते, काही ठिकाणी तीस मीटरहून जाड. हेच ते ग्वानो. युरोप-अमेरिकेतल्या शेतीला खत म्हणून ते हवं होतं आणि पेरूचं सरकार त्यावरच चालत होतं. जगभरची शिडाची जहाजं तिथे यायची आणि अडकायची. भरण्याची सोय इतकी तोकडी की एकेका जहाजाला दोन-दोन, तीन-तीन महिने नंबर लावून थांबावं लागायचं. एका वेळी शंभर-शंभर जहाजं बेटांभोवती नांगर टाकून उभी असत.

आणि या सगळ्या जहाजांचं वाणसामान यायचं कायाओहून.

ग्रेसने काय केलं? एक जहाज मालाने भरलं आणि चिंचा बेटांपाशी कायमचं नांगरून ठेवलं. खारवलेलं मांस, पीठ, दोर, डांबर, शिडाचं कापड, सगळं तिथल्या तिथे. कप्तानाने होडी टाकायची, दहा मिनिटांत दुकानात. नुसती सोय झाली असं नाही. कप्तान मंडळी त्या बोटीवर येऊन बसायची, बोलायची, कोणाचा माल कुठे चाललाय, कुठल्या बंदरात काय भाव आहे हे सगळं या तरुणाच्या कानावर पडायचं. जहाजमालकांची नावं, त्यांची पत, कोण पैसे बुडवतो, कोण वेळेवर देतो. त्या काळी कप्तान मालकाच्या नावाने हुंडी लिहून द्यायचा, म्हणजे पत ओळखण्यातच अर्धा धंदा.

तिथल्याच एका अमेरिकन कप्तानाची, जॉर्ज गिलख्रिस्टची, मुलगी लिलियस हिच्याशी त्याने १८५९ मध्ये लग्न केलं. ती मेन राज्यातल्या टेनंट्स हार्बर या जहाजं बांधणाऱ्या गावची. त्यांना अकरा मुलं झाली.

पुढचं, म्हणजे न्यूयॉर्क, राजकारण आणि पेरूचं कर्ज, प्रतिसादांत लिहितो. सगळं एकदम टाकलं तर धागा जड होईल.

सेकंड_इंजिनिअर

वाचताना अंगावर काटा आला. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदराबाहेर आम्ही छत्तीस दिवस नांगरावर होतो. शेवटच्या दहा दिवसांत भाजी म्हणजे कांदा आणि डब्यातला मका. पाणी मोजून. सदतिसाव्या दिवशी सप्लायची बोट आली आणि तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. आमच्या गोव्याच्या चीफ कुकने जुडी नाकाला लावली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. तीन महिने पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीत उभ्या राहिलेल्या खलाशाला ग्रेसची बोट काय वाटली असेल हे मला कोणी समजावून सांगायला नको.

एक विचारायचं होतं, बेटांवर जाण्याआधी जहाजांना कायाओला जावंच लागायचं ना? मग तिथेच सामान का भरून घेत नसत?

भरतीओहोटी

दादा, जावं लागायचं. भरण्याचा परवाना सरकारकडून घ्यायला आधी कायाओ, मग बेटं. सामान घेतही असत. पण किती दिवस थांबावं लागेल हे कोणालाच माहीत नसायचं. महिन्याचं सामान भरून यायचं आणि तिसरा महिना उजाडायचा. शिवाय ताजं काय टिकणार? उधारीवर जास्त माल घ्यायला कप्तानही कचरत. आमच्याकडे आजही हेच. जहाज बंदरात पोचल्यावर मिळते त्याहून मोठी ऑर्डर मिळते ते बाहेर अडकल्यावर.

द्राक्षबाग_निफाड

खताबद्दल थोडं. आम्ही बागेला कोंबडखत घालतो. ट्रक उघडला की डोळ्यांतून पाणी येतं, तो अमोनिया. कोंबडखतात नत्र साधारण तीन टक्के, शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पेरूच्या चांगल्या ग्वानोत ते चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जायचं. स्फुरद वेगळं. म्हणजे युरियाच्या आधीच्या जगात याला तोड नव्हती.

इतकं नत्र टिकलं याचं कारण पाऊस नाही. किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह जातो. त्या पाण्यात अँकोव्ही मासा अफाट, म्हणून पक्षी अफाट. आणि त्याच थंड पाण्यामुळे पाऊस पडत नाही, म्हणून विष्ठा धुऊन जात नाही. आपल्या कोकणातल्या बेटावर एका पावसाळ्यात सगळं समुद्रात गेलं असतं. इंका लोकांना हे शेकडो वर्षं माहीत होतं. "ग्वानो" हा शब्दच त्यांच्या केचुआ भाषेतल्या "वानु" वरून आला. पक्ष्यांना त्रास देणाऱ्याला ते कडक शिक्षा करायचे. आपल्या लोकांनीही मैल्याच्या खताला सोनखत म्हटलं, ते उगाच नाही.

जुनी_वही

लेख आवडला, पण एक गोष्ट सुटली आहे आणि ती सुटायला नको.

ते ग्वानो खणत कोण होतं? सुरुवातीला कैदी, गुलाम आणि पेरूमधले मजूर. १८४९ पासून चीनमधून करारावर आणलेले मजूर. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे नव्वद हजारांहून जास्त चिनी माणसं पेरूला नेली गेली. साधारण आठ वर्षांचा करार. अनेकांना फसवून किंवा पळवून जहाजात कोंबलेलं, कित्येक वाटेतच गेले. त्यातले जे चिंचा बेटांवर पोचले त्यांच्या वाट्याला सगळ्यांत वाईट काम आलं: कुदळीने कडक थर फोडायचा, ढकलगाडीने कड्याच्या टोकाशी न्यायचा, तिथून कापडी नळ्यांतून खाली उभ्या जहाजात सोडायचा. पिवळी धूळ नाकातोंडात. ठरलेला माल भरला नाही तर फटके. पळून जायला जागा नाही, चारी बाजूंना समुद्र. त्या कड्यांवरून उड्या टाकून जीव दिलेल्या माणसांबद्दल तेव्हाच्या खलाशांनीच लिहून ठेवलंय.

हे शंभर जहाजांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. त्यांना पीठ आणि दोर विकणाऱ्या बोटीच्याही. भुकेच्या देशातून आलेल्या मुलाने हे बघितलं आणि त्याच्या मनात काय आलं, हा प्रश्न मला छळतो.

भरतीओहोटी

ताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. मी लिहिताना दुकानात रमलो आणि कड्याकडे बघितलं नाही. ग्वानो नसतं तर जहाजं नसती, जहाजं नसती तर ग्रेस नसता. ते ग्वानो त्या माणसांच्या पाठीवरून आलं. त्याची बोट जिथे नांगरलेली होती तिथून ते कडे दिसत असणारच. मूळ लेखात हा परिच्छेद असायला हवा होता. संपादकांना विनंती करतो की तुमचा प्रतिसाद लेखाखाली जोडून ठेवावा.

मीठभाकर

जुनी_वही, तुमच्या प्रतिसादासाठी खास लॉगिन केलं. मॉरिशसला गेलेल्या आपल्या रत्नागिरीकडच्या माणसांची कागदपत्रं मी एका अभ्यासासाठी पाहिली होती. गुलामगिरी कायद्याने बंद झाली की लगेच करारपद्धत सुरू होते, हे चित्र सगळीकडे सारखं. पेरूने १८५४ मध्ये गुलामगिरी बंद केली. ग्रेस भागीदार झाला तेच वर्ष.

हडसनकाठ

न्यूयॉर्कचा भाग मी लिहू का? इथे बावीस वर्षं आहे आणि शहराचा इतिहास हा माझा आवडता विषय. धागाकर्त्यांची हरकत नसेल असं धरून लिहिते.

ग्रेस १८६५ च्या सुमारास न्यूयॉर्कला येऊन स्थिरावला. कायाओचं काम धाकटा भाऊ मायकेल बघायचा. एक भाऊ पेरूत, एक न्यूयॉर्कात. हेन्री मेग्ज हा अमेरिकन कंत्राटदार तेव्हा पेरूत अँडीज चढणारी रेल्वे बांधत होता. गालेरा बोगद्यापाशी ती चार हजार सातशे मीटरच्या वर जाते. तिला लागणारं लाकूड, यंत्रं, सामान ग्रेस बंधू पुरवत. म्हणजे जहाजांना पुरवठा करणारे आता रेल्वेला पुरवठा करू लागले.

राजकारणात तो एकदम आला. १८८० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातल्या भांडणाऱ्या गटांना सगळ्यांना चालेल असा उमेदवार हवा होता. शहरावर त्याच पक्षातल्या टॅमनी हॉल या संघटनेची पकड होती. नोकऱ्या, कंत्राटं, पोलीस भरती, सगळं तिथून ठरायचं, आणि त्या वेळी तिचा पुढारी जॉन केली. ग्रेसच्या नावावर एकमत झालं.

आणि मग वादळ उठलं. कारण ग्रेस कॅथलिक. कॅथलिक महापौर आला की सरकारी शाळा कॅथलिक चर्चच्या ताब्यात जातील, असा प्रचार वर्तमानपत्रांतून आणि प्रोटेस्टंट चर्चच्या व्यासपीठांवरून झाला. विल्यम डाउड या रिपब्लिकन बँकरविरुद्ध तो साधारण तीन हजार मतांनीच निवडून आला. बारा लाख वस्तीच्या शहरात हा फरक किती लहान! न्यूयॉर्कचा पहिला कॅथलिक महापौर.

निवडून आल्यावर त्याने टॅमनीचं ऐकलं नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. रस्ते झाडण्याचं काम तोवर पोलीस खात्याकडे होतं, म्हणजे झाडूवाल्याची नोकरी हीसुद्धा राजकीय बक्षिशी. त्याच्या पहिल्याच वर्षी, १८८१ मध्ये, रस्ता सफाईचं वेगळं खातं झालं. रस्त्यांवर तेव्हा घोड्यांची लीद, मेलेली जनावरं, राख आणि भाज्यांचा चिखल असायचा. सर्वांत जास्त मरत ती चाळीतली लहान मुलं. आणि त्या चाळींतली कितीतरी कुटुंबं ग्रेससारखीच आयर्लंडहून आलेली.

दोन वर्षांची मुदत संपल्यावर १८८४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, या वेळी टॅमनीच्या विरोधात, आणि त्यांच्या ह्यू ग्रँटला हरवून निवडून आला. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल यूलिसिस ग्रँट वेगळे, नावावरून गोंधळ नको. ते जनरल १८८५ च्या जुलैत वारले तेव्हा महापौर ग्रेसनेच तार करून शहरात समाधीसाठी जागा देऊ केली. हडसनच्या काठावर रिव्हरसाइडला आज ती समाधी आहे. मी रोज तिच्यासमोरून बसने जाते.

पाटीपेन्सिल

म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आला तेव्हा महापौर हाच?

हडसनकाठ

हो! १७ जून १८८५ ला फ्रेंच जहाज "इझेर" बंदरात शिरलं. आत पुतळा सुमारे साडेतीनशे तुकड्यांत, दोनशे चौदा पेट्यांत. शहराच्या वतीने स्वागत करायला ग्रेस. चौथऱ्याचे पैसे तोवर पुरे जमलेही नव्हते. पुलित्झरच्या वर्तमानपत्राने लाखावर लोकांकडून वर्गणी गोळा केली, बहुतेकांची एक डॉलरपेक्षा कमी. शाळकरी मुलांनी साठवलेली नाणी पाठवली. २८ ऑक्टोबर १८८६ ला पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हाही ग्रेसच महापौर.

तो स्वतः १८४६ मध्ये याच बंदरात उतरला तेव्हा तिथे पुतळा नव्हता, बाहेरून येणाऱ्या माणसांची नोंद करणारं एलिस आयलंडचं केंद्र नव्हतं, त्याच्या आधीचं कॅसल गार्डनचं केंद्रसुद्धा नव्हतं. माणसं सरळ धक्क्यावर उतरायची आणि सामान हिसकावणारे दलाल त्यांच्यावर तुटून पडायचे. मराठी मित्रमंडळींना फेरीने बेटावर नेते तेव्हा मी हे नेहमी सांगते.

मालवणी_माणूस

आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावची आठवण झाल्याशिवाय राहवत नाही. तिथले अशोक वराडकर डॉक्टर होऊन परदेशात गेले आणि त्यांचा मुलगा लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात तो कुटुंबासह वराडला आला होता, अख्खा गाव लोटला होता. ज्या देशातून माणसं पोटासाठी जहाजात बसून निघून गेली त्या देशाने आमच्या गावच्या मुलाच्या मुलाला सर्वोच्च पद दिलं. ग्रेसच्या वेळी कॅथलिक म्हणून जे बोललं गेलं ते वाचून वाटलं की बाहेरून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागतंच, मग तो कुठल्याही काळचा असो.

जुनी_वही

मालवणी_माणूस, सुंदर. एक भर घालते. ग्रेसचं घर अगदी कंगाल नव्हतं. बॅलीलिननला त्यांची बऱ्यापैकी जमीन होती, घराणं जुनं होतं. आयरिश यशोगाथांमध्ये प्रत्येक जण फाटक्या चपलांनी आलेला असतो, ग्रेसचं तसं नाही. वडिलांकडे पेरूला माणसं नेण्याइतकी ऐपत आणि ओळखी होत्या. दुष्काळात मेलेली माणसं ती नव्हेत. त्यांची नावंही बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत.

पण हे सांगितल्यावर दुसरीही बाजू सांगायला हवी. १८८० मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला पुन्हा पीक बुडालं तेव्हा न्यूयॉर्कहून "कॉन्स्टेलेशन" हे जुनं नौदलाचं जहाज पीठ-बटाटे भरून पाठवलं गेलं. त्यातल्या मालाचा एक चतुर्थांश खर्च ग्रेसने उचलला. त्याच वर्षी तो निवडणुकीला उभा होता, पण मला त्यात मतांचा हिशोब दिसत नाही. त्याने तो करपा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता.

ऊसवाला_कोल्हापूर

पेरूच्या कर्जाचं काय ते राहिलं ना? धागाकर्त्यांनी सुरुवातीला उल्लेख केला होता. मला यातलं तेच महत्त्वाचं वाटतं.

भरतीओहोटी

हो, कालपासून लाँचवर होतो, आत्ता वेळ मिळाला.

१८७९ मध्ये चिलीने पेरू आणि बोलिव्हियाविरुद्ध युद्ध सुरू केलं. कारण अटाकामाच्या वाळवंटातलं सोडियम नायट्रेट, म्हणजे पुन्हा खतच. चिंचा बेटांचा साठा तोवर जवळजवळ संपला होता. ग्रेस बंधूंनी पेरूला बंदुका, दारूगोळा पुरवला. पेरू हरला. नायट्रेटचा प्रदेश गेला, राजधानी लीमा शत्रूच्या ताब्यात गेली आणि डोक्यावर राहिलं लंडनच्या सावकारांचं प्रचंड कर्ज. हे कर्ज ग्वानो तारण ठेवून घेतलेलं आणि बरंचसं रेल्वेवर घातलेलं होतं.

१८८० च्या दशकात मायकेल ग्रेसने रोखेधारकांच्या, म्हणजे हे कर्ज देणाऱ्यांच्या, वतीने बोलणी केली आणि १८९० मध्ये करार अमलात आला. त्याला "ग्रेस करार" म्हणतात. रोखेधारकांनी कर्जावरचा दावा सोडायचा, बदल्यात पेरूने रेल्वे ६६ वर्षांसाठी त्यांना द्यायच्या, ३० लाख टनांपर्यंत ग्वानो द्यायचं, ३३ वर्षं दरसाल ८० हजार पौंड द्यायचे आणि वर जंगलात मोठी जमीन. त्यासाठी लंडनमध्ये पेरुव्हियन कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली गेली.

पेरूच्या संसदेत यावर रण माजलं. विरोध करणारे म्हणाले, देश विकला. बाजूने बोलणारे म्हणाले, दिवाळं निघालेल्या देशाला दुसरा कोण उभं करणार? मला स्वतःला हा करार वाचताना त्रास होतो. उधारी थकलेलं गिऱ्हाईक मी बघितलंय. एका जहाजमालकाने आमचे सात महिन्यांचे पैसे थकवले होते. त्याला आम्ही म्हणालो असतो की तुझं जहाजच आम्हाला दे, तर कायद्याने ते बरोबर ठरलं असतं. पण देशाची रेल्वे म्हणजे जहाज नव्हे. जी माणसं त्या गाड्यांतून फिरणार होती त्यांनी ते कर्ज काढलं नव्हतं.

ऊसवाले, तुमच्यासाठी एक: १८८२ मध्ये थकलेल्या कर्जापोटीच पेरूतली कार्तावियो नावाची उसाची मोठी इस्टेट ग्रेस बंधूंच्या फर्मकडे आली. विल्यमच्या वडिलांचा पेरूतला ऊस फसला होता, मुलाकडे तीस वर्षांनी ऊस आला तो असा. आणि त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी त्या फर्मने पेरूतच पारामोंगाला चिपाडापासून कागद बनवायला घेतला.

ऊसवाला_कोल्हापूर

चिपाडाचा कागद! आमच्या कारखान्यात चिपाड बॉयलरला जातं आणि उरलेलं विकतात. लहानपणी चिपाडाच्या गंजीवर खेळून हातपाय खाजायचे ते आठवलं. आता पारामोंगावर शोधून वाचतो.

तुम्ही रेल्वेबद्दल लिहिलंत ते पटलं. सावकाराने जमीन घेतली की शेतकऱ्याचा नातू त्याच जमिनीवर मजूर होतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीने भोगलंय.

सेकंड_इंजिनिअर

तीच फर्म पुढे ग्रेस लाइनची जहाजं चालवायची ना? आमचे जुने कॅप्टन ती नावं घ्यायचे, "सांता" ने सुरू होणारी.

भरतीओहोटी

बरोबर, सांता रोझा, सांता पॉला वगैरे. नंतर १९२९ मध्ये पॅन अमेरिकन एअरवेजबरोबर अर्ध्या भागीदारीत पानाग्रा ही विमान कंपनीही काढली, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी. कायाओच्या होडीतून विमानापर्यंत, पण तेव्हा विल्यमला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. शेवटी फर्म रसायनांकडे वळली.

शाळाबाई

मी निवृत्त शिक्षिका. राजकारण आणि कर्ज वाचून डोकं जड झालं होतं, म्हणून थोडं शोधलं आणि मला ग्रेस इन्स्टिट्यूट सापडली. १८९७ मध्ये विल्यम आणि मायकेल या भावांनी न्यूयॉर्कमध्ये मुली-बायकांसाठी काढलेली. विनामूल्य. शिवण, स्वयंपाक, आणि लघुलेखन, टंकलेखन. चालवायला सिस्टर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक नन. बोटीतून उतरलेल्या आयरिश मुलीला तेव्हा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करण्याशिवाय सहसा काम मिळत नसे. टाइपरायटर शिकली की कचेरीत खुर्ची मिळायची.

मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावात टायपिंगच्या क्लासला जायचे. एका खोलीत बारा मशीन, सगळ्यांचा एकदम खडखडाट, खिडकीच्या कडेला कार्बन पेपरचा ढीग. सर काठीने टेबलावर ठेका द्यायचे आणि आम्ही त्या ठेक्यावर एकेक अक्षर. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, अशा परीक्षा. माझ्यासोबतच्या चार मुली त्या एका सर्टिफिकेटवर तहसील कचेरीत लागल्या. त्यांतल्या दोघींनी पुढे भावांची शिक्षणं केली. त्यामुळे ही संस्था वाचून मला भरून आलं. अजूनही चालू आहे का ती?

हडसनकाठ

अलीकडच्या वर्षांतही चालू होती, बाई. संगणक आणि ऑफिसचं काम शिकवायचे, वर्ग तेव्हाही बायकांसाठी आणि तेव्हाही फुकट. माझ्या शेजारच्या डोमिनिकन मुलीने तिथूनच कोर्स केला आणि हॉस्पिटलच्या ऑफिसात लागली. तिला ग्रेस कोण हे माहीत नव्हतं, मी पुढच्या वेळी सांगेन.

मीठभाकर

एकच माणूस. रस्ता सफाई, टायपिंगचा वर्ग, दुष्काळाला पीठ. आणि तोच ग्वानोची बेटं, बंदुकांची विक्री, भावाने केलेला तो करार. मी दोन दिवस हा धागा वाचतेय आणि मला त्याचा एका शब्दात हिशोब लावता येत नाही.

जुनी_वही

मलाही नाही येत, आणि लावू नये असं वाटतं. मला फक्त एवढं हवं आहे की त्याच्याबद्दल कोणी मराठीत लिहिलं तर चिंचा बेटांवरची चिनी माणसं त्याच पानावर असावीत, तळटीपेत नकोत.

पाटीपेन्सिल

शेवट कसा झाला त्याचा?

भरतीओहोटी

२१ मार्च १९०४, न्यूयॉर्कमध्ये, एकाहत्तराव्या वर्षी. ब्रुकलिनच्या होली क्रॉस दफनभूमीत पुरलं. फर्म पुढे मुलगा जोसेफ आणि नंतर नातू पीटर यांनी चालवली.

जुनी_वही, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवून मूळ लेख पुन्हा लिहायला घेतलाय. बेटांचा भाग आता कड्यावरून सुरू होतो आणि तिथून खाली बोटीकडे येतो. आठवड्याभरात इथेच टाकतो. उद्या पहाटे दोन जहाजं आहेत, एकाला साडेसहाशे किलो तांदूळ आणि दुसऱ्याला सगळी भाजी, तेव्हा आता झोपतो.

सेकंड_इंजिनिअर

भाजीत कोथिंबीर घाला. यादीत नसली तरी घाला.

भरतीओहोटी

घातली, दादा. वीस जुड्या.